खोचलेला दोर

अंकुशनगर,
रविवार, ७ जानेवारी ९६

तीर्थस्वरूप चतुराबाई अक्कांच्या पायांवर धाकट्या जावेचं, म्हणजे उषाचं, डोकं. (हे डोकं कालपासून जरा जड आहे, त्याचं कारण पुढं येईल.) आम्ही इकडं खुशाल. तुमच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला लागू पडला का? दादांचा खोकला उतरला का? जांबेला थंडी कडक असेल. इकडं साखर कारखान्यात उसाचं गाळप जोरात चालू आहे, त्यामुळं थंडीलासुद्धा मळीचा वास येतो.

अक्का, एखाद्या गोष्टीचं ‘कसं’ कळलं नाही की मला घास गोड लागत नाही, हे तुम्ही पहिल्या दिवसापासून जाणता. लग्नात मी तुमच्या भाऊजींच्या बाशिंगाची गाठ कशी मारलीय ते मान वाकडी करून बघत होते आणि ‘पोरगी लाजत कशी न्हाई’ म्हणून मांडवात कुजबुज झाली होती. त्याच खोडीनं मला त्रेचाळिसाव्या वर्षी दोरावर चढवलं.

त्याचं असं झालं. मी शिपाई आहे त्या शाळेत पुंजाराम सर मंगळवारी आणि शनिवारी जालन्याहून एस.टी.नं येतात आणि पोरींना दोराचा मल्लखांब शिकवतात. हॉलच्या लोखंडी तुळईला अंगठ्याएवढा जाड सुती दोर टांगलाय. पोरगी सरसर वर जाते, अंगाभोवती दोराची काहीतरी भानगड करून घेते (त्याला अढी म्हणतात) आणि चक्क दोन्ही हात सोडून देते. पडत नाही! पाय सरळ केला की सगळे वळसे आपोआप सुटतात. गाठ नाही, आकडा नाही, मग तिला धरून ठेवतं कोण? हे बघत मी दोन महिने कुलूप हातात घेऊन दारात उभी राहिले. (शाळा उशिरा बंद होते अशी माझी तक्रार हेडसरांकडं गेली. ती खरी होती.)

एक नवी अढी मात्र कुणालाच जमेना. दोर डाव्या मांडीच्या आतून मागं, कमरेला वळसा, मग उजव्या काखेखालून पुढं. सर समोर उभे राहून दाखवायचे, म्हणजे त्यांचं डावं ते पोरींचं उजवं. बेबीनंदा ही त्यांतली सगळ्यांत चपळ, पण तीही काल तीनदा गादीवर आदळली आणि रडायला लागली. मला राहवलं नाही. म्हटलं, “सर, हे तर लुगडं नेसल्यावानी हाय! पायातून काष्टा मागं, मंग कमरेला फेरा.” सर आधी माझ्या लुगड्याकडं आणि मग दोराकडं बघत राहिले. पोरींचे चेहरे कोरेच. फ्रॉक-पंजाबीवाल्या पोरींना काष्टा काय ठाऊक? सर म्हणाले, “मावशी, मंग तुम्हीच दाखवा की.”

मी तेवढ्याचीच वाट बघत होते. काष्टा कसला आणि चढले. माहेरी विहिरीत दोराला धरून उतरायची सवय होती, ती हातांनी विसरलेली नव्हती. मांडीतून मागं, कमरेला फेरा, काखेतून पुढं, सगळं बिलकुल बराबर. आणि इथं घात झाला. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी हात जे करतो तेच त्यानं केलं. लोंबणारा मोकळा दोर उचलला आणि मागं कमरेच्या वळशात गच्च खोचून टाकला. नेसणं पक्कं झालं याचं समाधान वाटलं आणि मी हात सोडले.

डोकं खाली, पाय वर. (लुगडं जागचं हललं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.) पाय सरळ केला तर सुटेना. वाकडा केला तर आणखी आवळलं. कुणी म्हणे टेबल आणा, कुणी म्हणे दोर कापा. सर म्हणाले, दोर नवा आहे. मी नवी नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढंच. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला आणि पाळी सुटून तुमचे भाऊजी घराची किल्ली न्यायला नेमके हॉलच्या दारात. उलटं बघताना त्यांची मिशी कपाळावर दिसत होती.

“उषे, हे काय करून राह्यलीस?”

“दिसत न्हाई का? लटकून राह्यले.”

मग तेच टेबलावर चढले, मागचं खोचलेलं ओढलं आणि मी गादीवर आले. मी लगेच ओढणीनं बेबीनंदाला काष्टा घालून दाखवला. पुढच्याच खेपेला तिला अढी साधली! ती वर हात सोडून हसत होती आणि मी खाली रडत होते, आनंदानं.

आता सर म्हणतात, सव्वीस जानेवारीला पोरींच्या आधी ही अढी मावशींनी करून दाखवायची. साऱ्या कॉलनीसमोर! तुमच्या भाऊजींनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. शेवटी म्हणाले, “वैनीला विचार. त्या हो म्हणल्या तर खुशाल चढ.” तर विचारलं. मला काही एवढी हौस नाही, वय झालं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी वाईट वाटून घेणार नाही. दादांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचीच,
उषा

ता. क. वाईट वाटेल, अक्का. फार वाटेल. तुम्ही नाहीच म्हणणार अशी खात्री आहे म्हणून तर त्यांनी तुमचं नाव पुढं केलंय. तेव्हा चार ओळी लिहूच नका, संक्रांतीचा तिळगूळ द्यायच्या निमित्तानं स्वतःच या, आणि सव्वीसपर्यंत राहा. पहिल्या रांगेत मोठी जाऊ डोक्यावर पदर घेऊन बसली, तर तोंड उघडायची कुणाची छाती आहे? गुडघ्यासाठी खुर्ची मी धरून ठेवते.

ता. क. २. हे कुणाला सांगू नका. खोचलेला दोर माझ्या हाताशीच होता. कधीही ओढता आला असता. पण पंधरा वर्षं मी तो हॉल झाडते, आणि काल उलटं बघताना त्याचं छत जमिनीसारखं पसरलेलं दिसलं. एवढी मोठी स्वच्छ जमीन, आणि तिथं मला झाडायला काहीच नव्हतं. तुमच्या भाऊजींना वाटतं त्यांनी मला सोडवलं. वाटू द्या. मला अजून थोडं बघायचं होतं.