गॅलरीतल्या सायकलची घंटी

अण्णा,

दार ठोठावायची हिंमत होत नाही, म्हणून ही चिठ्ठी खालून सरकवतोय.

सोसायटीच्या ग्रुपवरून मी टाकलेला तुमचा व्हिडिओ काढून टाकलाय. पण ज्यांना हसायचं ते हसून मोकळे झाले. पहिला मीच हसलो. गॅलरीत ट्रेनरच्या स्टँडला अडकवलेल्या सायकलवर जागच्या जागी पेडल मारताना तुम्ही मध्येच घंटी वाजवलीत, तर मी खाली लिहिलं, ‘अण्णांना ट्रॅफिक लागलं.’

ज्ञानदाने विचारलं, “पप्पा, आजोबा घंटी का वाजवतात?” गावी आगाशीला असताना थंडीत वाडीला पाणी लावून तुम्ही सायकलवर परतायचात आणि वळणावर घंटी वाजवायचात. घंटी ऐकली की आई चहा ठेवायची. आई गेली, पण तुमचा हात ते वळण विसरला नाही. हे मला माहीत होतं, अण्णा. तरी मी हसलो.

थंडीतली धूळ आणि तुमचा खोकला म्हणून सायकल ट्रेनरला अडकवली, असं मी सगळ्यांना सांगतो. डॉक्टर तर फक्त ‘मास्क लावून जा’ म्हणाले होते. भीती माझी होती, कोंडलं तुम्हाला.

सायकल सोडवून खाली ठेवलीये, हवा भरलीये. ऊन वर आलं की निघा, मफलर घ्या, डंपरच्या रस्त्याला जाऊ नका.

परतलात की गेटपाशी घंटी वाजवा. ज्ञानदाला खाली पाठवून वाजवून बघितली. चौथ्या मजल्यावर गॅसपाशी उभं राहिलं तर ऐकू येते.

जितू