उन्हातली डाळ

८ फेब्रुवारी १९८८, सोमवार

आज उगाच आठवलं — माझ्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा. यांची थोरली बहीण, वच्छलाआक्का, आणि मी चुलीपाशी. मला जाळ फुंकताच येईना! डोळ्यांत पाणी, केसांत राख. आक्का हसून हसून कलंडल्या. "नागपूरच्या मडमांनी एवढं बी नाही शिकवलं काय वं?" मग एकच गरम भाकरी दोघींनी मोडून खाल्ली. तेव्हाही त्या विधवा होऊन माहेरीच परतलेल्या. तेव्हापासून चूल त्यांचीच.

आता हे नाहीत. घरात दोघीच. आणि आदिलाबादचे डॉक्टर म्हणतात, धूर बंद करा, तुमची छाती आणखी सोसणार नाही. आक्कांना हे सांगितलं नाही. घाबरतील.

म्हणून आज सौरचूल आणली, काचेच्या झाकणाची, आरसा लावलेली पेटी — बसच्या टपावर बांधून! आक्कांना म्हटलं, जंगल वाचवायचंय. तेही खोटं नाही. मी या घरात आले तेव्हा मागच्या टेकडीवर सागातून ऊन खाली उतरत नसे. आता नुसते खुंट.

९ फेब्रुवारी

भात शिजला! काळ्या डब्यात, काचेखाली, नुसत्या उन्हावर. टाळ्या वाजवल्या मी.

आक्कांनी चाखला. "धुराचा वास नाही. दवाखान्यातलं जेवण."

१२ फेब्रुवारी

डाळ कच्ची.

१५ फेब्रुवारी

पुन्हा कच्ची! शाळेत शिकवायला जाताना पेटीचं तोंड दुपारच्या उन्हाकडे करून जाते. परत येऊन पाहते तर पेटी भिंतीकडे तोंड करून बसलेली, आरसा सावलीत. तिला काय पाय फुटले?

आक्कांनी मुकाट्याने चूल पेटवली. जेवण होईपर्यंत मी खोकत होते. पदर तोंडात धरून.

मला मोळीवाल्या सखूबाईचा संशय येतो. इतकी वर्षं तिच्याकडून मोळ्या घेतल्या, आता नको म्हणून सांगितलं. तिची जाण्यायेण्याची वाट आमच्या अंगणातूनच. आणखी कोण असणार?

१७ फेब्रुवारी

सखूबाईला फाटकात गाठलं. माझ्या पेटीला हात लावतेस का, सरळच विचारलं.

"वा बाई! ऊन डब्यात कोंडता तुमी, अन् चोर मी?" डोक्यावरची मोळी सावरत ती म्हणाली, "मोळ्या बंद केल्या तं केल्या. पण कोनाच्या अन्नात हात घालीन काय मी?"

गेली तरातरा. मोळीत ओल्या, हिरव्या फांद्या होत्या. वाळकं लाकूड उरलंच नाही बहुतेक. माझा मात्र तिच्यावर विश्वास बसला नाही.

२० फेब्रुवारी

आरशावर राखेची बोटं.

रानातून येणाऱ्या सखूबाईच्या हाताला राख कुठून लागणार? आमच्या घरात राखेत हात घालणारं माणूस एकच.

नको तो विचार!

२१ फेब्रुवारी, रविवार

पण विचार जात नाही. परवाच आक्कांनी विचारलं होतं, "वयनी, तुह्यामागं हे घर कोनाचं वं?" का विचारलं असेल? माझ्या छातीचं त्यांना कळलंय का? कळूनही चूल पेटवतात का? आज त्यांनी वाढलेलं जेवताना त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

२२ फेब्रुवारी

मधल्या सुट्टीत न सांगता घरी आले. आक्का दोन्ही हातांनी पेटी फिरवत होत्या.

"काऊन, आक्का?" त्यांचीच बोली माझ्या तोंडून निघाली.

त्या दचकल्या. मग भडकल्या. "तुह्या या डब्याले जाळ नको, फुंकर नको, मानूस बी नको! चूल गेली तं मी काय करू या घरात? बसून खाऊ?"

 मग डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं. 

"मंग जंगल-जंगल काऊन करून राह्यली होतीस? सांगाचं ना वं मले!"

आक्का घरात गेल्या आणि तांब्याभर पाणी पेटत्या चुलीत ओतलं. सगळं घर वाफेनं भरलं.

२४ फेब्रुवारी

डाळ लोण्यासारखी. तशीच झाकून ठेवली.

आक्कांनी गाठोडं बांधलंय. शनिवारच्या गाडीनं मंचेरियलला, पुतण्याकडे. "तिथं चूल हाये," एवढंच बोलल्या. राहा म्हटलं तर, "कायच्यासाठी?"

संध्याकाळी सखूबाईच्या झोपडीत गेले. हात जोडले. "आधी बसा तं खरं," म्हणाली.

२५ फेब्रुवारी

शाळेतून परस्पर बोथ गावी जाऊन वकिलांना भेटले. त्यांना सांगितलं तेच इथे लिहून ठेवते.

माझ्यानंतर पुस्तकं शाळेला. टेकडीखालची पडीक जमीन सखूबाईला.

घर आक्कांना. माझ्यानंतर नव्हे, उद्याच. सौरचूल घराबरोबर. ती उन्हात ठेवायची की चूल पेटवायची, ते घरमालकीण सांगतील.

मी त्यांच्याकडे राहीन. ठेवून घेतलं तर.