डाळिंबाला चोरून घातलेलं पाणी

प्रिय अहो,

चाळीस वर्षं एका खोलीत राहिलो, पत्र कशाला लिहायचं? पण आज सकाळी गच्चीवर गेले, तर तुमच्या निळ्या पिंपातल्या डाळिंबाला आठ फळं धरलेली. आठ! चांगली लिंबाएवढी. एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगितल्याशिवाय राहवेना.

दादरच्या मंडईतला तो सांगोल्याचा फळवाला आठवतो? त्याने तुम्हाला शिकवलं होतं, दिवाळी झाली की पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग छाटणी, शेणखत आणि मगच पाणी. ह्याला म्हणे ताण देणं म्हणतात, त्यानेच झाड भरभरून फुलतं. भोईवाड्यातल्या चाळीची गच्ची, त्यावर एक पिंप, पण तुमची ऐट बागायतदाराची!

मला ते सुकलेलं झाड बघवायचं नाही. एकदा मी तुम्हाला कसाईसुद्धा म्हणाले. तुम्ही हसलात. "अगं, तहान लागू दे त्याला, मग बघ."

मी कुठली बघतेय? तुम्ही संध्याकाळी देवळात गेलात की मी तांदळाच्या धुवणाचा तांब्या गुपचूप ओतून यायचे. दरवर्षी!

मग फुलं यायची ती दोन-चार, तीही गळायची. तुम्ही आधी खाऱ्या वाऱ्याला बोल लावायचात, मग स्वतःला. "माझ्या हाताला गुणच नाही गं." तेव्हा तरी मी तोंड उघडायला नको होतं? भांडायला मेली जीभ चुरूचुरू चालायची, आणि तिथेच गप्प बसले. तुम्ही तसेच गेलात, स्वतःला नावं ठेवत. फार लागतं हो मला हे.

तुम्ही गेल्यावर पहिल्या वर्षी तर मी रोज पाणी घातलं. तुमचंच काहीतरी केल्यासारखं वाटायचं. झाड नुसतं पानांनी माजलं. ह्या दिवाळीनंतर मात्र मन घट्ट केलं. तांब्या घेऊन जिन्यापर्यंत जायचे, परत फिरायचे. शेवटचं पान गळालं त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग तुम्ही करायचात तसंच सगळं केलं.

मजल्यावरच्या प्रत्येक दारी एक डाळिंब द्यायची तुमची हौस होती ना? आपलं धरून आठ बिऱ्हाडं आहेत. पिकली की मी स्वतः दारोदार जाईन आणि सांगेन, "ह्यांच्या हातचं आहे. इतकी वर्षं मीच येऊ देत नव्हते." हसू देत हसले तर.

आणि पुढच्या दिवाळीनंतर तांब्या माळ्यावर.

तुमची,
शालू