हिगाशी-कसाईतला काळ्या पाण्याचा कैदी

३ मे, रविवार
टोकियोच्या मराठी मंडळाच्या जयमालाताईंचा फोन. यंदाचं नाटक: टॉमस नावाचा इंग्रज लंडनमध्ये दोन वार कापड चोरतो. सात वर्षांची शिक्षा, जहाजाने थेट ऑस्ट्रेलिया. तुम्ही कैदी व्हा म्हणाल्या. अखेर लीड रोल! पाच वर्षं नुसत्या खुर्च्या लावल्या. स्क्रिप्ट नंतर मिळेल. हरकत नाही, खऱ्या नटाला अनुभव लागतो. ३१ तारखेच्या शोपर्यंत कैद्यासारखं जगणार. बायकोला, मैथिलीला, सांगितलं. मग भांडीही घास, म्हणाली. बायकांना मेथड ॲक्टिंग कळत नाही.

४ मे
कैदी पहाटे घंटा झाली की दगड फोडायला जात. अलार्म पाचचा. उठलो साडेनऊला. पण चार महिने बोटीत हेलकावे खाल्लेला माणूस पहिल्या दिवशी झोपणारच. इतिहासाला धरून आहे.

६ मे
कैद्यांचा आहार: शिळा पाव, खारवलेलं मांस. आपण शाकाहारी, म्हणून लोणचं. पण या देशात पाव शिळा होऊच देत नाहीत. तीन कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडी दुकानं, पालथी घातली. नाइलाजाने मेलन-पान नावाचे पाव आणले, दोन. गोड निघाले. सहन केलं.

९ मे, शनिवार
पायात बेडी हवीच. सायकलचं नंबरवालं लॉक घोट्याला लावून बिल्डिंगभोवती फेऱ्या. तिसऱ्या फेरीत नंबर विसरलो. लेकीचा, सईचा वाढदिवस टाकला, नाही. लग्नाची तारीख टाकणार होतो, तीही आठवेना. तेवढ्यात पोलीस. त्याला बेडीचं काहीच नाही, सायकल कुठे आहे एवढंच विचारतोय! कागद मागतोय! माझं जपानी संपलं म्हणून सईला खाली बोलावलं. वय वर्षं नऊ. ती काहीतरी बोलली, दोघं पोट धरून हसले. काय सांगितलंस विचारलं, तर 'बेत्सुनी' म्हणाली, म्हणजे काही विशेष नाही. शेवटी सायकलवाल्या आजोबांनी लॉक कापलं. टॉमसनेही असाच अपमान गिळला असेल.

१६ मे, शनिवार
पहिली तालीम. टॉमस पुष्कर आहे! महिन्यापूर्वी नागोयाहून आलेला! मी 'दुसरा कैदी'. बोटीवर तापाने मरतो, पहिल्याच प्रवेशात. वाक्य एक: "पाणी!" तुमच्या चेहऱ्यावर मुळातच आजारपण आहे, असं जयमालाताई कौतुकाने म्हणाल्या.
खचलो नाही. असा मरेन की लोक नाटकभर माझाच विचार करतील. 'पाणी'चे अकरा उच्चार काढलेत.

३० मे
कावासाकीच्या ऑफिसात लीड रोल असं आधीच सांगून बसलोय. मॅनेजर तानाका-सान उद्या येणार. मुद्दाम खुलासा केला नाही. भूमिका लांबीवर मोजत नाहीत.

३१ मे, संध्याकाळी सहा
दुपारी पडदा वर गेला. उच्चार क्रमांक सात लावला: "पा...णी!" इतका खरा वाटला की विंगेतून मंडळाच्या मितालीने पाण्याची बाटली आणून दिली. प्यावं लागलं. हॉलभर हशा. मग मेलो. ताडपत्रीत गुंडाळून मला विंगेत, म्हणजे समुद्रात, टाकलं. आत छान ऊब होती.
जाग आली तेव्हा हॉलचा माणूस कमरेत वाकून सांगत होता की पाचला हॉल बंद होतो. बाकी सगळे जेवायला गेले होते.
फोनवर तानाका-सानचा मेसेज: नाटक उत्तम झालं. आजारपणामुळे तुम्हाला काम करता आलं नाही, याचं फार वाईट वाटलं. उद्या विश्रांती घ्या.
कळवलं, आता बरं आहे.