डोळे वर म्हणजे हो

१४ फेब्रुवारी
जोयाला व्हेंटिलेटरवर घेतलं.
सोमवारी हीच पोरगी स्कूटीवरून कॉलेजला गेली होती! मंगळवारी जिना चढताना पाय उचलेनात. बुधवारी हातातला कप सुटला. आज श्वास.
जीबीएस म्हणाले. नसांचा आजार. मागे जुलाब झाले होते, त्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं — गुरुशांत डॉक्टरांनी असं समजावलं. मी मान हलवली. डोक्यात काही शिरलं नाही.
हे टेम्पो घेऊन हैदराबादला. फोनवर नुसतं, "कैसी है? कैसी है?" काय सांगू यांना!

१६ फेब्रुवारी
तिला सगळं कळतं. हेच सगळ्यात वाईट. हात नाही, पाय नाही, चेहरासुद्धा हलत नाही. पापण्या पुऱ्या मिटत नाहीत म्हणून डोळ्यांत मलम घालतात. फक्त बुबुळं हलतात. वैष्णवी सिस्टरनी तिला शिकवलं — वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही.
"जोया, भीती वाटते?"
वर.

१८ फेब्रुवारी
डॉक्टरांना सरळ विचारलं, वाचेल का?
"मॅडम, हा आजार आपणहून माघारी फिरतो. वेळ घेतो, पण बहुतेक वेळा फिरतो. माणूस जातो तो मधल्यामधे. छातीत जंतू, पायात गुठळी, पाठीला जखमा, नाडीचा घोळ. तेवढं आपण होऊ द्यायचं नाही."
तेवढं!
मग दिवसभर तेच. कूस बदल, तोंड पूस, पाय हलव, उशाकडची बाजू उंच आहे ना बघ. सिस्टर करतात, मी हात लावते. मला जास्त वेळ आत थांबू देतात. जोया बघत असते. पाठीवर लाल डाग दिसला तरी मी सिस्टरना हाक मारते.

२१ फेब्रुवारी
नाडी थांबली तिची. नळीतला कफ ओढताना. पडद्यावर नुसती सरळ रेघ!
डॉक्टर कालच म्हणाले होते, या आजारात असं होऊ शकतं, इंजेक्शन भरून उशाशी ठेवा. ठेवलेलं होतं. सिस्टरनी लगेच दिलं. छाती दाबली. परत आली माझी पोर.
आणि मी आभार मानायचे सोडून डॉक्टरांवर ओरडले. "तुम्ही आधी बोलून दाखवता आणि मग तेच होतं!"
ते पडद्याकडे बघत उभे राहिले.

२२ फेब्रुवारी
माझ्या शाळेतून फोन. उचलला नाही.

२५ फेब्रुवारी
मी मराठीची बाई, माझ्याकडे दुसरं काय असणार! वर्णमालेचा तक्ता आणला. मी अक्षरांवरून बोट फिरवायचं, हवं ते आलं की तिनं डोळे वर करायचे. घाम फुटला दोघींना. पण जमलं! प. मग ठ. पाठ. पाठ दुखत होती. कूस बदलली. पुन्हा विचारलं, बरं वाटलं? वर!
आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२८ फेब्रुवारी
ताप. छातीत जंतू शिरलेच. इतकं जपून!
दुपारी तिचे डोळे सारखे तक्त्याकडे. धरला. ब वर डोळे वर. पुढे सरकत गेले. स वर डोळे वर. मग थांबली. माझ्याकडे बघत राहिली.
बस.
घरात आम्ही दखनी उर्दूच बोलतो. बस म्हणजे पुरे. आता पुरे, अम्मी.
मला ते डोळे बघवेनात. तक्ता तिथंच टाकून बाहेर पळाले.

१ मार्च
यांना सांगितलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "थक गई बच्ची." मग रडले. मी यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.
आत गेले नाही. कोणत्या तोंडानं जाऊ? वैष्णवी सिस्टर बाहेर आल्या. "काकू, ती सारखी दाराकडं बघतीय की. तुमी या ना आत."
"येते," म्हटलं. गेले नाही.

३ मार्च
ताप चढलाय. ग्लानीत आहे. डॉक्टर म्हणतात, गळ्यातून छोटं भोक पाडून नळी बसवू. कफ काढायला सोपं जाईल, तोंड मोकळं होईल. सही हवी.
मी विचारलं, "तिची इच्छा नसेल तर?"
"तसं सांगितलं का तिनं?"
"नाही," म्हटलं.
खोटं बोलले. हे खाली मान घालून बसले होते. मी सही केली. पोर पुरे म्हणते आणि मी तिचा गळा कापायला सही करते! या अल्ला, मला सोडता येत नाही तिला. नाही येत!

८ मार्च
तिच्याजवळ जाते. कूस बदलते, पाय हलवते. डोळ्याला डोळा देत नाही. तक्ता पिशवीत घालून ठेवलाय. विचारून काय करू, उत्तर माहीत आहे.

१९ मार्च
ताप नाही. उजवा अंगठा हलला! सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरसुद्धा हसले, "फिरला बरं का आजार."
सगळे खूश. आणि मला एकच धास्ती. ही बोलायला लागली की पहिलं काय विचारेल?

९ एप्रिल
आज गळ्याच्या नळीवर झडप बसवली. आवाज आला. फाटका, घोगरा, पण तिचाच!
"अम्मी, उस दिन तू उठ के कायकू गई?"
मी म्हटलं, "बेटा, तूच बस बोली ना."
बराच वेळ दम घेतला तिनं.
"तख्ता मराठी का था ना, अम्मी. बैठ बोली थी मैं."