पीळदार नळीची बंदूक शांभवीकडे

मी, शशिधर चनबसाप्पा बेल्लद, वय छप्पन्न, धंदा लेथकाम, राहणार गडहिंग्लज. पुढच्या आठवड्यात मिरजेत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोकं ठिकाणावर आहे, कुणी भरीस घातलेलं नाही. लेथ मी बघून बघून शिकलो, तसं हे मृत्युपत्रही स्वतःच लिहिलं. वकिलांनी फक्त तपासलं.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नी अक्काताई हिला. तिच्या हयातीत घराची वाटणी कुणी काढू नये.

२. वर्कशॉप आणि लेथ मशीन मुलगा सोमशेखर याला. विकायचं तर विकावं, पण काम पकडून फिरवणारा चक किंचित हलतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं.

३. माझी बारा बोरची बंदूक आणि गोळ्यांचा साचा मुलगी शांभवी हिला. तिचा परवाना होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा राहील. नळी आतून गुळगुळीत करून घेतली तर गिऱ्हाईक मिळेल, असं सोमशेखरला कुणा दुकानदाराने सांगितलं आहे. तसं होऊ नये म्हणून हे कलम लांबतं आहे.

ही बंदूक १९९१ साली सयाजीराव इंगवले यांच्याकडून रीतसर घेतली. ते म्हणाले होते, "नळी बिघडलीया. छर्रं समदं भवतीनं जात्यात, मधी काय न्हाई." मी नळीत डोकावलो. तोंडापासून वीतभर आत पीळदार खाचा होत्या, इतक्या सारख्या की कापणाऱ्याचे हात बघावेसे वाटले. छर्रे त्या पिळात फिरून फाकत होते. नळीला एकच गोळी हवी होती. हे मी सयाजीरावांना तिथेच सांगितलं. ते हसले आणि बंदूक नेऊ दिली.

साचा मी लेथवर केला. पहिल्या गोळ्या नळीत सैल बसल्या. खाचांनी त्यांना धरलंच नाही, कागदावर आडव्या आदळल्या. साचा केसभर वाढवला. तरी ओतलेल्या शिशावर सुरकुत्या यायच्या. अक्काताई दारातून म्हणाली, "तवा तापल्याबिगर डोसा सुटतो व्हय?" तेव्हापासून साचा आधी तापवतो आणि पहिल्या गोळ्या परत वितळवतो. शांभवी हे माझ्यापेक्षा सफाईने करते. तिची गोळी आरशासारखी निघते.

१९९१ च्याच खंडेनवमीला पूजा झाल्यावर, मी नेम तपासायचो त्या दगडाच्या खाणीत सयाजीराव आले. मी बंदूक त्यांच्या हाती दिली. त्यांनी श्वास सोडला आणि चाप असा दाबला की बोट हललेलं दिसलं नाही. एकामागून एक गोळ्या झाडल्या, तरी निशाणाच्या कागदावरची सगळी भोकं चहाच्या एका बशीखाली झाकली असती. असा नेम मी तालुक्यात दुसरा पाहिला नाही. तोंडावर म्हणणं जमलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कागद बघून ते म्हणाले, "बंदूक परत दे." मी दिली नाही. तेव्हापासून ते माझ्या दुकानात चहा घेत नाहीत, आणि शशीनं मला लुबाडलं असं सगळ्या बाजारात सांगतात.

४. माझ्यामागे ते शांभवीकडे बंदूक मागतील, हे मला ठाऊक आहे. ज्याला काही मिळायचं त्याला साक्षीला घेऊ नये, असं वकील सांगतात. म्हणून साक्षीला मी सयाजीरावांनाच बोलावलं. काल हा मसुदा त्यांना वाचून दाखवला.

ते म्हणाले, "म्हंजे सही केली की माझं मागणं सपलं?"

मी म्हटलं, "सपलं."

 मग ते म्हणाले, "पोरीला दिलीस ते बरं केलंस. नळीला मातुर कुणाला हात लावू दिऊ नगंस." आणि अक्काताईला म्हणाले, "वहिनी, च्या टाका की."

५. हे कलम चहानंतर घातलं. दर खंडेनवमीला पूजा झाली की शांभवीने सयाजीकाकांना बोलवावं आणि पहिली गोळी त्यांना मारू द्यावी. त्यांचा स्वतःचा परवाना आहे. हा वारसा नव्हे, आमंत्रण आहे. वकिलांना विचारून लिहिलं आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच खरं.

ठिकाण: गडहिंग्लज
तारीख: १२ सप्टेंबर २००४

सही: शशिधर चनबसाप्पा बेल्लद

दोघा साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. केरबा दत्तू सुतार, शेजारी

२. सयाजी रामजी इंगवले. सगळं वाचून सही केली. शशीनं मला लुबाडलं न्हाई. गोळ्या पोरीनं ओतलेल्या असाव्यात.