सोखनाच्या हाताची बरकत

३ फेब्रुवारी
अडीच हजार! उद्यापासून घरखर्चाला रोजचे चार हजार फ्रँक नाहीत, अडीच. नवऱ्याने, बिरानने, सकाळी चहा पितापिता सांगून टाकलं. डिझेल महागलंय, टॅक्सीला गिऱ्हाईक नाही. ‘दोघींनी समजुतीने भागवायचं.’

दहा माणसं घरात. सासूबाई, आम्ही तिघं, माझी चार, तिची दोन. मी भांडले. सोखना मात्र मान खाली घालून, ‘बरं.’ एवढंच! तिचं ते ‘बरं’ ऐकलं की अंगाची लाही होते. सवत होऊन पाच वर्षं झाली, अजून नव्या नवरीसारखी लाजते.

५ फेब्रुवारी
दोन दिवस मी रांधते, दोन दिवस ती. ज्या दिवशी जी रांधेल, बिरान तिच्या खोलीत. आज माझी पाळी.

गॅस बंद, कोळशावर केलं. तेल निम्मं. गाजर नाही, वांगं नाही, नुसता कोबी. मासे म्हणजे चार काटेरी याबोय, दहा जणांत. सासूबाई परातीत बोटं फिरवत म्हणाल्या, ‘अगं कुंबा, या भातातून मासा नुसता पोहून गेला की काय?’ सगळे हसले. बिरानसुद्धा.

७ फेब्रुवारी
आज तिची. परातीच्या मधोमध थिओफ! जाडजूड, पांढरेशुभ्र तुकडे. सणाला आणतात तो मासा — तेवढ्याच अडीच हजारांत!

बिरान बोटं चाटत म्हणाला, ‘हाताला बरकत लागते, बरकत.’ माझ्याकडे बघून!

आणि माझीच धाकटी लेक, आराम, विचारते, ‘आई, उद्यापण सोखनाआईच रांधणार ना?’ एक चापट दिली. मग रडू आलं. मला.

८ फेब्रुवारी
चोरून पैसे देतो तो तिला. नक्की.

१२ फेब्रुवारी
परवापासून बाजारात विचारत फिरतेय. कोळीण म्हणाली, ‘तुझी धाकटी सवत? माझ्याकडून महिन्यात एक खवलासुद्धा नाही घेतला.’ मग आणते कुठून? काल पुन्हा तिचं सुरू झालं, तर कालवणात आंबवलेला मासा, वर लिंबू! सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं. माझ्या हातचं कधी मागून घेतलं होतं? एकोणीस वर्षं रांधतेय या घरात.

आता तिच्या मागे जाऊन बघायचं.

१५ फेब्रुवारी
पाहिलं.

पहाटे अंगणाचं दार वाजलं तशी मीही निघाले. ती थेट किनाऱ्यावर, होड्या लागतात तिथे. जुनेर कमरेला खोचलं आणि खवले काढणाऱ्या बायकांत जाऊन बसली. चराचरा सुरी चालत होती. कोपरापर्यंत खवले. बोटाला चिंधी. दोन टोपल्या साफ केल्या, तर मालकिणीने एक मासा तिच्या पुढ्यात टाकला. मजुरी!

म्हणजे तो तिला काही देत नाही. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. हे मला का सुचलं नाही? समुद्रकाठच्या म्बूरची मी! माझ्या आईने जन्मभर हेच केलं. आणि ही आतल्या गावातली, जिने लग्नाआधी समुद्र पाहिला नव्हता —

१६ फेब्रुवारी
सांगून टाकलं. जेवता जेवता. ‘बरकत कुठून येते, विचार की तिला!’

बिरानचा हात परातीतच थांबला. ‘माझी बायको लोकांचे खवले काढते? टॅक्सीस्टँडवर तोंड कसं दाखवू?’ पुन्हा किनाऱ्यावर पाऊल टाकायचं नाही म्हणाला.

सासूबाई म्हणाल्या, ‘खाताना नाही रे आला खवल्यांचा वास?’ तो उठून गेला.

 सोखनाने माझ्याकडे पाहिलंही नाही. परात उचलून घासायला बसली.

१९ फेब्रुवारी
तिची पाळी. कोबी आणि भात. अगदी माझ्यासारखा!

जिंकले. पण पोरं भात चिवडत बसली. नळावर ती हळूच म्हणाली, ‘ताई, तुम्ही मला विचारलं असतंत, तर तुम्हालाही सोबत नेलं असतं.’

तिच्यावर ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी
वन्सं आल्या. अत्तर लावून, नवा डोक्याचा रुमाल बांधून.

‘म्हटलं, बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगावं. बिरानने जोआल गावची मुलगी केली. मशिदीत निकाहाची कोलाफळं वाटून झाली जानेवारीतच. तेवीस वर्षांची आहे, गरीब आहे हो. तिला कपाट पाठवलं, पलंगाचे पैसे तेवढे राहिले होते, तेही या महिन्यात साठवलेन्‌ बिचाऱ्याने. तुम्हीही दोघींनी खर्चाला हात आखडता घेतलात म्हणून जमलं हो!’

माझी पहिली नजर गेली सोखनाकडे. खरं लिहिते — तिचा चेहरा पडलेला बघायचा होता मला. पडला. पाच वर्षांपूर्वी ती या दारातून आत आली, तेव्हा मी याच खांबाला धरून उभी होते. आज ती होती. आणि मला जराही मजा वाटली नाही.

वन्सं गेल्या. मग मीच विचारलं, ‘होड्या किती वाजता लागतात?’

२४ फेब्रुवारी
दोन टोपल्या तिने, दीड मी. सासूबाई आणि पोरांना तिथेच बोलावून घेतलं, वाळूवर मासे भाजून जेवलो. घरी चूल पेटवली नाही. बिरान दुपारी जेवायला येऊन गेला म्हणे.